घट्ट तुंब्याचा पाठ

महोत्सवी अंकासाठी घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळींनी मला कळविले. मी काही साहित्यिक नव्हे. उज्जैनीत मोटारी दुरुस्त करण्यात आणि पुढे तीच विद्या मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा ज्या कामात हात काळे झाले, त्याच कामाविषयी लिहितो. विषय लहानसा आहे. मोटारीच्या स्टिअरिंग चाकाचा तुंबा आपल्या दांडीवर चढेना, मध्येच घट्ट होऊन अडला, तर काय करावे? वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? पण याच एवढ्याशा गोष्टीपायी एकदा माझ्या हातून तीन माणसांचे प्राण जाता जाता वाचले आहेत. म्हणून वाचकांनी शेवटपर्यंत सोबत करावी, ही विनंती.

निमित्त

इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ सालापासून 'बाजा' नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडून, सुटे भाग जमवून, एकाआसनी गाडी स्वतः तयार करतात आणि खडबडीत रानात पळवून दाखवितात. आपल्या समाजातील एक मुलगा अशाच एका गाडीवर खपत होता. एके रविवारी सकाळी तो मला बोलावून घेऊन गेला. पाहतो तो स्टिअरिंगचा तुंबा दांडीवर अर्धा चढून अडलेला, आणि चिरंजीवांच्या हातात हातोडा.

"आजोबा, अर्धा गेलाच आहे. तुम्ही खालून दांडी धरा, मी आणखी दोन टोले देतो की बसेल."

मी म्हटले, "हातोडा आधी खाली ठेव. तो का अडला, ते बघू."

त्या मुलाच्या जागी मला पन्नास वर्षांपूर्वीचा मी दिसलो. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी वस्तूची ओळख करून घेऊ.

तुंबा आणि दांडी

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी जो जाड लाकडी गड्डा असतो, ज्यात आरे ठोकलेले असतात, त्याला आपण तुंबा म्हणतो. संस्कृतात त्यालाच नाभि म्हटले आहे. स्टिअरिंग चाकालाही असाच मध्यभागी लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुंबा असतो. बैलगाडीचा तुंबा कण्यावर मोकळा फिरतो. स्टिअरिंगचा तुंबा मात्र दांडीवर तसूभरही फिरता कामा नये. चालकाने चाक जितके वळविले, तितकीच दांडी वळली पाहिजे.

प्रारंभीच्या मोटारींना चाक नव्हते. नावेच्या सुकाण्यासारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानहार्ड गाडीस दांड्याऐवजी गोल चाक बसविले, आणि पुढे तीच चाल सर्वत्र पडली. चाक आले, तसा तुंबा पक्का धरण्याचा प्रश्नही आला.

यासाठी दांडीच्या टोकाला बारीक दाते कापलेले असतात. गॅरेजात त्यांना स्प्लाइन म्हणतात. तुंब्याच्या भोकात तसेच दाते उलट बाजूने असतात. वरून मोठा नट आवळला की तुंबा जागी राहतो. काही गाड्यांत दांडीचे टोक सरळ असते आणि तुंबा खालच्या खांद्यावर जाऊन टेकतो. काहींत टोक निमुळते, म्हणजे टेपर असते. त्यात नट आवळला की तुंबा खाली खाली जात चारी बाजूंनी धरला जातो. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे काम सुरू करण्यापूर्वी ठाऊक असलेच पाहिजे, कारण दोहोंची परीक्षा वेगळी आहे. ती यथास्थळी सांगेन.

एक हिशेब येथेच करून ठेवू. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर चालकाचा हात मध्यापासून २० सेंटिमीटरवर असतो. दांडी दोन सेंटिमीटर जाडीची असली तर दाते मध्यापासून अवघ्या एका सेंटिमीटरवर. म्हणजे हाताने १० किलोचा जोर लावला की दात्यांवर मिळून २०० किलोंचा भार येतो. दाते सर्व लांबीभर नीट लागलेले असतील तर ते हा भार वर्षानुवर्षे सोसतात. टोकालाच लागलेले असतील, तर सोसत नाहीत.

सुट्या भागांची गाडी

सुटे भाग आणून गाडी उभी करणे आपल्याकडे नवे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईस माझगावात महिंद्र मंडळींनी विलिस जीपचे सुटे भाग अमेरिकेहून पेट्यांत आणवून येथे जोडण्यास आरंभ केला. कुर्ल्यास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातही प्रथम बाहेरच्या गाड्यांची जोडणीच होत असे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर १९४५ पासून स्वतः गाडी घडविण्याचा ध्यास घेतला आणि 'मीरा' नावाची छोटी मोटार सिद्ध केली. ती मोठ्या प्रमाणावर निघू शकली नाही, ही हळहळ जुन्या माणसांच्या मनात आहे.

कारखान्यातील जोडणीत एक सोय असते. दांडी आणि तुंबा एकमेकांसाठीच मोजून कापलेले असतात. घरी गाडी जोडणारा दांडी एका गाडीची घेतो, चाक दुसऱ्या गाडीचे, आणि तुंबा एखाद्या लेथवाल्याकडून करून घेतो. तिघांची ओळख प्रथमच होत असते. म्हणून असा तुंबा घट्ट लागणे अगदी स्वाभाविक आहे.

माझी चूक

१९७३ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि देवास गेटच्या बाजूस एका गॅरेजात उमेदवारी करीत होतो. तेथे तीन मोडक्या जीपमधून एक धड जीप तयार करण्याचे काम चालले होते. मिस्त्री जेवावयास गेले असता स्टिअरिंग बसविण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले. तुंबा अर्ध्यावर अडला. मी वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि घणाचे सात-आठ टोले दिले. तुंबा खाली गेला. नट आवळला, तोही करकचून बसला. चाक हलवून पाहिले. जराही हालचाल नाही. मिस्त्री आल्यावर मी मोठ्या अभिमानाने ते दाखविले.

आठ-दहा दिवसांनी जीपचे मालक आपल्या दोन मुलांना घेऊन निघाले. क्षिप्रेच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वळण आले. त्यांनी चाक वळविले. चाक वळले, गाडी वळली नाही. सुदैवाने वेग कमी होता, आणि रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. जीप त्यात रुतून थांबली. ढिगापलीकडे उतार होता, आणि उताराखाली नदी.

मिस्त्रींनी मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चाक काढले, तुंबा पालथा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"कुठे चमकतोय, बघ."

आत एका काठाला करंगळीच्या नखाएवढी चमकदार पट्टी होती. बाकी सारा भाग काळा, कशालाही न लागलेला. माझ्या टोल्यांनी दात्यांवरची कोर सोलून पुढे रेटली गेली होती, आणि त्या गोळा झालेल्या कोरेवर तुंबा अडून राहिला होता. नट घट्ट लागला तो त्या कोरेमुळे. रस्त्यावरच्या धक्क्यांनी कोर चेपली, नट मोकळा झाला, आणि दात्यांची टोके तेवढी धरून होती, तीही झिजून गेली.

"तू त्याला बसवलं नाहीस," मिस्त्री म्हणाले, "अडकवलंस."

बसविणे आणि अडकविणे यांतील अंतर मला त्या दिवशी कळले. हाताला दोन्ही सारखेच घट्ट लागतात.

धाव चढविताना

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला गावाबाहेर एका गाडीवाल्या सुताराकडे घेऊन गेले. तेथे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम होते. सुताराने आधी चाकाचा घेर मोजला, मग धावेचा आतला घेर मोजला. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवली होती. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापविली, तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवली, चार हलके टोले देऊन सारखी केली आणि पाणी ओतले. वाफेचा लोट उठला, आणि लोखंड आकसताना चाकाचे सारे सांधे कुरकुरत एकमेकांत शिरले. त्या धावेला एकही खिळा नव्हता. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की हेच गाडीवान चाके पाण्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगते आणि पकड परत येते.

"हातोडा याच्याकडेही आहे," मिस्त्री म्हणाले. "पण आधी मोजलं किती वेळा, ते पाहिलंस ना?"

धावेचे हे शास्त्र आगगाडीच्या चाकांनाही लागू केले गेले. त्यांवरही पोलादी धावा तापवून चढवीत. तेव्हा मला वाटले, तुंबाही तापवावा म्हणजे झाले. पण येथे गणित आडवे येते. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे १२ भाग वाढते. दीड मीटर व्यासाची धाव साडेपाचशे अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ एक सेंटिमीटरने वाढतो. स्टिअरिंगच्या तुंब्याचे भोक २० मिलिमीटरचे. तो उकळत्या पाण्यात ठेवून सत्तर अंशांनी तापविला तर भोक मिलिमीटरच्या पावणेदोन शतांशांनी वाढते. ॲल्युमिनियमचा असला तर सव्वातीन शतांशांनी. केस जाडीला याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणजे उष्णतेने किंचित मदत होते, चमत्कार होत नाही. तुंबा याहून अधिक घट्ट असेल, तर कारण दुसरेच आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

घट्ट का होतो?

माझ्या अनुभवात पाच कारणे वारंवार आली. पहिले, दात्यांत साचलेला रंग, गंज किंवा वाळलेले ग्रीस. दुसरे, वाहतुकीत आपटून दांडीच्या तोंडाशी उचलली गेलेली कोर. तिसरे, दात्यांची संख्या किंवा माप निराळे असणे. दिसायला सारखे, पण एका दांडीचे दाते थोडे जाड. चौथे, एखादा रुंद दाता किंवा रिकामी खाच ठेवलेली असणे, ज्यामुळे तुंबा एकाच रीतीने चढतो; ती खूण चुकली की तो अडतो. पाचवे, तुंबा तिरपा धरला जाणे.

यांतले पहिले कारण सर्वांत क्षुल्लक वाटते. निमुळत्या दांडीवर त्याचा परिणाम किती होतो पाहा. समजा, दर १० मिलिमीटर लांबीला दांडी १ मिलिमीटर जाड होत जाते. रंगाचा थर मिलिमीटरच्या पाच शतांशांएवढा पातळ असला, तरी दोन्ही बाजू मिळून एक दशांश झाला. तेवढ्याने तुंबा आपल्या जागेपासून पुरा एक मिलिमीटर वर अडकतो. पुढे रंग झिजला की तोच मिलिमीटर सैल होऊन बाहेर पडतो.

बसविण्याची रीत

१. बॅटरीची तार सोडावी. पुढची चाके सरळ करावीत. स्टिअरिंग बॉक्स गाडीला जोडलेला नसेल, तर दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि निम्मे मागे यावे. मध्य सापडल्यावर दांडीवर खडूची खूण करावी.

२. दांडी आणि तुंबा रॉकेलने धुवावेत. जुना दातघासणीचा ब्रश आणि पितळी तारेचा ब्रश पुरतो. नंतर कोरडे पुसावे. एमरी पावडर किंवा व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट दात्यांत घालू नये. ती आत राहून पुढे झीज करते.

३. दोन्हींकडचे दाते मोजावेत. एका दात्यावर खडू लावून सुरुवात करावी, म्हणजे मोजणी चुकत नाही. व्हर्नियरने व्यास पाहावा. संख्या किंवा माप जुळत नसेल, तर काम तेथेच थांबवावे. योग्य तुंबा मिळविण्यावाचून दुसरा उपाय नाही.

४. माप जुळत असेल तर देवघरातल्या निरांजनावर धरलेले काजळ थोड्या तेलात कालवून दांडीच्या दात्यांवर अगदी पातळ लावावे. तुंबा हाताने, सरळ, जाईल तेवढाच चढवून काढावा. जेथे काजळ पुसले गेले तेथे तो लागतो आहे. एकाच ठिकाणी पुसले गेले असेल तर तेथे कोर आहे.

५. ती कोर बारीक तिकोनी कानशीने दोन-चार हात मारून काढावी. फक्त उंचवटा काढावा. सर्व दाते कानशीने सैल करणे म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी होय. पुन्हा धुवावे, पुन्हा काजळ लावून पाहावे.

६. तुंबा चाकापासून सुटा होत असेल तर तेवढाच उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावा, जाड फडक्याने उचलून कोरडा करावा आणि लगेच खुणेवर चढवावा. गॅसची ज्योत लावू नये. ॲल्युमिनियमचा कणखरपणा जातो, आणि चाक जोडलेले असेल तर त्याचे रबर किंवा बॅकेलाइट तडकते.

७. शेवटचे अंतर नटाने ओढून घ्यावे. नट निदान आपल्या पूर्ण जाडीभर आट्यांत गेलेला असावा. पोहोचत नसेल तर आधी तुंबा अधिक खाली का येत नाही ते पाहावे. दोन आट्यांवर ओढले तर आटे सोलून निघतात. आवळताना चाक दुसऱ्या माणसाने हाताने धरावे. चाक शेवटपर्यंत वळवून त्या आधारावर आवळू नये, सारा ताण स्टिअरिंग बॉक्सवर जातो. आणि नटावर आंधळा विश्वास ठेवू नये. एक फूट लांबीचा पाना २० किलोंच्या जोराने ओढला, तर १६ मिलिमीटरच्या नटाखाली जवळजवळ दोन टनांची ओढ निर्माण होते. एवढ्या जोराने चुकीचा तुंबाही निमूटपणे खाली जातो.

८. मध्येच जड झाले तर थांबावे, आणि पुलर लावून तुंबा परत काढावा. खालून ठोकून काढू नये.

९. आता परीक्षा. दांडी सरळ असेल तर तुंबा खांद्याला टेकलेला दिसला पाहिजे. दांडी निमुळती असेल तर तुंब्याखाली थोडी फट राहिलीच पाहिजे; तेथे टेकला तर टेपरने धरलेलेच नाही असे समजावे. मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने नट आवळावा आणि त्याला लॉक वायसर किंवा जी कडी नेमली असेल ती घालावी. जुन्या जीपमध्ये भोंग्याची तार दांडीच्या पोटातून येते. ती चेपली नाही ना, हे भोंगा वाजवून पाहावे.

१०. चाक वर-खाली, पुढे-मागे हलवून पाहावे. दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्यावी. शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासावा. माझी जीप आठ-दहा दिवसांनी सुटली होती, हे विसरू नये.

आजच्या गाड्यांविषयी

अपघातात दांडी चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून १९६७ च्या सुमारास अमेरिकेत दबणारी दांडी सर्रास येऊ लागली. धक्का बसला की ती स्वतःच आकसते. अशा दांडीवर हातोडा मारला तर ती तेव्हाच थोडी आकसते, आणि ज्या दिवशी उपयोगी पडावयाची त्या दिवशी पडत नाही. शिवाय आता बहुतेक गाड्यांच्या चाकात हवेची पिशवी असते. तेथे घरी हात घालूच नये. ते जाणत्या कारागिराचे काम. आणि नोंदलेल्या गाडीत मनाप्रमाणे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही तरुणांनी ध्यानी ठेवावे. हौसेची गाडी मैदानात चालवावी.

शेवट

त्या रविवारी आम्ही पुलरने तुंबा काढला. कारण दोन मिनिटांत सापडले. सांगाडा रंगविताना दांडीच्या दात्यांवरही फवारा गेला होता. मुलाने तासभर बसून एकेक खाच साफ केली. त्याच्या आजीने काजळाची डबी आणून दिली, आणि 'माझे काजळ मोटारीला!' म्हणून हसली. एके ठिकाणी कोर निघाली, ती त्याने स्वतः कानशीने काढली. मग तुंबा हातानेच तीन हिस्से गेला. उरलेला नटाने सावकाश आला. आम्ही तो पुन्हा एकदा काढून आत पाहिले. काजळ सगळीकडे सारखे पुसले गेले होते.

मुलाने विचारले, "आजोबा, काढून बघायची काय गरज होती? घट्ट तर बसलाच होता."

मी त्याला क्षिप्रेच्या उतारावरची, खडीच्या ढिगाची गोष्ट सांगितली. जीपमध्ये पुढच्या बाकावर बसलेला धाकटा मुलगा पाच वर्षांचा होता, हेही सांगितले. तो काही बोलला नाही. निघताना पाहिले, तर त्याने हातोडा उचलून सर्वांत खालच्या खणात ठेवला होता.

मिस्त्री आज हयात नाहीत. हा पाठ त्यांचा आहे. मी तो फक्त लिहून काढला. आपल्या घरातील ज्या मुलांचे हात यंत्राकडे वळतात, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा, एवढीच इच्छा.